तारायानाचा आराखडा : एक अभ्यास

बोलून खेळावयाच्या कथाखेळांचा परिचय आपल्याकडे अजून थोड्यांनाच आहे. या खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो व त्या पात्राच्या वतीने बोलतो, निर्णय घेतो. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग उभा करतो, आणि यशापयश अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने या प्रकाराचा पाया घातला. १९७७ साली मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’ने त्याला ताऱ्यांमधल्या प्रवासाला नेले. तेथे पात्रांचे घर म्हणजे त्यांचे तारायान. या यानाच्या मजल्यांचा आराखडा कसा काढावा, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम माप. ‘ट्रॅव्हलर’मध्ये यानाचा आकार जागेवरून ठरतो. एक टन द्रवरूप हायड्रोजन सुमारे १४ घनमीटर जागा व्यापतो. तेवढी जागा म्हणजे यानाचा एक ‘टन’. कागदावरचा प्रत्येक चौकोन दीड मीटर बाजूचा आणि मजल्याची उंची तीन मीटर धरली, तर दोन चौकोनांचा जवळजवळ एक टन होतो. म्हणजे २०० टनांच्या लहान व्यापारी यानाला ४०० चौकोन मिळतात. त्यांतले ४० चालक-कक्षाला, ६० इंधनाला आणि दहा खोल्यांना प्रत्येकी ८ प्रमाणे ८० जातात. माल व यंत्रे उरलेल्या जागेत बसवावयाची. खोलीचे आठही चौकोन खाटेसाठी नसतात. त्यांतले सुमारे निम्मे बोळ, जेवणघर आणि चार माणसे बसतील अशा सामाईक जागेत खर्ची पडतात.

नवखा माणूस आधी यानाचे टोकदार नाक आणि पंख काढतो, मग आत खोल्या कोंबतो. दिसावयास ते झोकदार दिसते. पण खेळ सुरू झाला की यंत्रघरातून गेल्याशिवाय जेवणघर गाठता येत नाही असे आढळते! म्हणून भिंती मागाहून काढाव्यात. आधी माणसांचा दिवस लिहावा. कोण कोठे झोपतो, पहाऱ्यावर कोण असतो, कोणाला कोणाच्या दारावरून जावेच लागते? या खेळात एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे झेप घ्यावयास सुमारे एक आठवडा लागतो, आणि त्या आठवड्यात कोणालाही बाहेर पडता येत नाही. भांडण झालेली दोन पात्रे एकाच अरुंद बोळात रोज समोरासमोर आली, की कथानक आपोआप चालू लागते.

बाहेर पडता न येणे म्हणजे काय, हे वांगणी-बदलापूर भागातल्या लोकांना वेगळे सांगावयास नको. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. आत सुमारे १,०५० प्रवासी होते, त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. गाडीला दारे भरपूर होती; पण प्रत्येक दार पाण्यावर उघडत होते. गाडी सोडू नका, असेच प्रवाशांना सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व गावकरी यांनी होड्यांतून सर्वांना सुखरूप बाहेर काढले.

आराखडा काढणाऱ्याने या रात्रीपासून तीन प्रश्न शिकावेत. पहिला, आधी काय संपेल? पिण्याचे पाणी, अन्न, उजेड की हवा? ती वस्तू कोठे साठवली आहे व तिच्या वाटेवर कोण बसले आहे, हे कागदावर दिसले पाहिजे. दुसरा, मदत आली तर ती कोठे लागेल? होडीला डब्याचे दार सापडावे लागते; तसेच दुसऱ्या यानाला आपले हवाबंद दार. ते बोळाच्या टोकाशी असेल तर वाट लांब, मध्याशी असेल तर निम्मी. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याला भरभर चालता येत नाही, तो तेथवर कसा पोहोचेल?

हा तिसरा प्रश्न मला खेळाच्या टेबलावरच भेटला. वांगणीत अनेक दृष्टिहीन कुटुंबे राहतात. आमच्या खेळातला एक मित्र त्यांतलाच. पात्रे ठरविताना सर्वांत जास्त बोलला तो, सर्वांना हसविले त्याने. मग मी मोठ्या अभिमानाने आराखडा पसरला. आम्ही सारे कागदावर ओणवलो, “इकडून जाऊ”, “तिकडून घुसू” म्हणू लागलो, आणि तो गप्प झाला. ‘इकडे’ म्हणजे कोठे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आवाजावर चालणाऱ्या खेळात मी एकच वस्तू डोळ्यांची आणली होती, आणि तिनेच त्याला बाहेर ठेवले.

पुढच्या वेळी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून भिंती केल्या. दाराच्या जागी सुतळी तोडली, यंत्रघरात तांदळाचे दाणे लावले. बोटाला कळावे म्हणून चौकोन दोन सेंटिमीटरचा घेतला. ४०० चौकोनांना ४० सेंटिमीटर बाजूचा पुठ्ठा पुरला. मित्राने बोटे फिरविली आणि विचारले, “मालखान्याला एकच दार? आग लागली तर?” डोळसांपैकी कोणालाही हे सुचले नव्हते. दुसरे दार तेथेच पाडले.

तेव्हापासून माझी एक कसोटी आहे. आराखडा पुरा झाला की डोळे मिटावेत आणि खोलीपासून हवाबंद दारापर्यंतची वाट चौकोन मोजत तोंडाने सांगावी. जेथे अडखळावे लागेल, तेथे आराखडा चुकला आहे असे समजावे आणि खोडरबर घ्यावा.