खापरपणजीची खूण



सोयरीक जुळवताना आपण आडनाव विचारतो, गाव विचारतो, घराणे विचारतो. ही सारी माहिती बहुधा बापाच्या बाजूची असते. आईचे माहेर दोन पिढ्यांत विसरले जाते. आजीचे नाव ठाऊक असते, पणजीचे अडखळत आठवते, आणि आईच्या आईकडची खापरपणजी तर बहुतेकांना माहीतच नसते. तरीही तिची एक खूण आपल्या प्रत्येकाच्या शरीरात शिल्लक आहे. ती खूण काय सांगते व काय सांगत नाही, हे आज समजून घेऊ. कारण ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा बोचरा प्रश्न आता डीएनएचे नाव घेऊनही विचारला जातो.

खूण कोणती?

पेशीच्या केंद्रकातील डीएनए आपल्याला आई आणि वडील दोघांकडून मिळतो. पण केंद्रकाच्या बाहेर तंतुकणिका असतात. इंग्रजी माध्यमातील मुले त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. पेशीला लागणारी ऊर्जा त्या पुरवतात. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो: 16,569 अक्षरे आणि 37 जनुके एवढाच. तो आपल्याला आईकडूनच येतो. मुलगा व मुलगी दोघांनाही तो मिळतो, पण पुढच्या पिढीला देते ती मुलगीच. त्याची नक्कल होताना क्वचित एखादे अक्षर बदलते आणि तो बदल लेकीकडून नातीकडे जातो. दोन माणसांमधील असे बदल मोजले की त्यांची मातृकुळे साधारण किती वर्षांपूर्वी वेगळी झाली, याचा अंदाज बांधता येतो.

‘ईव्ह’ या नावाचा घोटाळा

1987 साली अमेरिकेतील बर्कले येथील रेबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन या शास्त्रज्ञांनी 147 नमुन्यांतील हा डीएनए तपासला. बहुतेक नमुने बाळंतपणानंतरच्या वारेतून घेतलेले होते. आजच्या सर्व माणसांची मातृकुळे मागे जात सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या, आफ्रिकेतील एका स्त्रीपाशी पोहोचतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वृत्तपत्रांनी तिला ‘ईव्ह’ म्हटले आणि गोंधळ सुरू झाला. ती पहिली स्त्री नव्हती, की त्या काळातील एकटी स्त्रीही नव्हती. तिच्या काळच्या इतर स्त्रियांचेही वंशज आज आहेत; फक्त त्यांच्या लेकींची साखळी मध्येच कुठेतरी तुटली. ज्या आईला मुलगेच आहेत, तिची ही खूण मुलांपाशी थांबते, पण तिचे नाक-डोळे नातवंडांत उतरतातच ना! तेव्हा ही स्त्री म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातील एवा नव्हे. या शोधाने बायबल सिद्धही होत नाही आणि खोटेही ठरत नाही.

कोकणातील एक उदाहरण

अलिबागच्या परिसरातील मराठी बोलणारे बेने इस्रायल म्हणजे आपल्याकडचे यहुदी. पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेल गाळीत व शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवीत, त्यामुळे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गावांवरून त्यांची केहिमकर, पेणकर अशी आडनावे पडली. पुढे त्यांच्यातील हजारो जण इस्रायलला गेले. तेथे 1960 च्या दशकात लग्नाच्या वेळी त्यांच्या आईच्या, आजीच्या मुळाची चौकशी होऊ लागली, कारण यहुदी धर्मशास्त्रात यहुदीपण आईकडून येते. त्यांनी निदर्शने केली, आणि 1964 साली इस्रायल सरकारने ते सर्व दृष्टींनी यहुदी असल्याचे जाहीर केले.

नंतर विज्ञानाने काय पाहिले? डोरॉन बेहार व सहकाऱ्यांच्या 2008 च्या अभ्यासात त्यांची मातृकुळे मोजक्या स्त्रियांपर्यंत जातात आणि ती प्रामुख्याने भारतीय आहेत, असे दिसले. तेवढ्यावर थांबलो असतो तर ‘हे यहुदी नव्हेतच’ असे म्हणून मोकळे झालो असतो! पण 2016 च्या एका अभ्यासात संपूर्ण डीएनए तपासला, तेव्हा मध्यपूर्वेतील यहुदी वारसाही भरपूर आढळला. तो अधिक करून पुरुषांकडून, तर भारतीय वारसा अधिक करून स्त्रियांकडून आलेला. हा संकर सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचा. म्हणजे ज्यांची नावे कुळकथेत नाहीत, त्या इथल्या लेकींनी शनिवारचा नियम पाळणारी घरे उभी केली.

एक धागा म्हणजे चादर नव्हे

दहा पिढ्या मागे गेल्यास आपल्या वंशवृक्षात पूर्वजांच्या 1,024 जागा होतात. मातृकुळाची खूण त्यांतील एकीकडूनच येते. सोलापुरी चादरीतला एक धागा उपसून पाहिला तर तो धागा खराच असतो, पण त्यावरून नक्षी कळत नाही. निअँडरथल या प्राचीन मानवाचेही असेच झाले. 1997 साली त्याचा मातृकुळाचा डीएनए वाचला, तेव्हा त्याचा आपल्याशी संकर झाल्याची खूण सापडली नाही. 2010 मध्ये केंद्रकातील डीएनए वाचल्यावर मात्र आफ्रिकेबाहेरील माणसांत त्याचा थोडा अंश असल्याचे समजले.

म्हणून कोणी ‘शुद्ध रक्ता’चा दाखला मागितला, तर त्याला सांगावे की विज्ञान असा दाखला देत नाही. मत्तयनेही येशूची वंशावळ बापांच्या नावांनी लिहिली, पण त्यात राहाब व रूथ या परक्या देशांतील स्त्रिया आवर्जून नोंदवल्या. त्यांच्यामुळे वंशावळीला उणेपणा आला नाही.

घरी चर्चेसाठी

1. आईच्या बाजूने किती पिढ्यांतील स्त्रियांची नावे व माहेरची गावे आपल्याला सांगता येतात? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ती आजच लिहून ठेवा.

2. सून घरात आली की तिच्या माहेरच्या कोणत्या गोष्टी आपण आपल्या म्हणून स्वीकारतो आणि कोणत्या विसरायला लावतो?