मातृरूप गुरू

उपनिषदात शिष्याला निरोप देताना जी आज्ञा केली आहे, तीत देवबुद्धी प्रथम मातेच्या ठिकाणी ठेवावयास सांगितली आहे. पिता आणि आचार्य यांचा क्रम तिच्या मागून येतो. विद्या शिकविणारा गुरू पुढे भेटतो. पण श्रद्धा म्हणजे काय आणि श्रद्धावान मनुष्य किती प्रसन्न असतो, हे बालक प्रथम घरातच पाहते. आचार्य विनोबा भावे यांच्या मातुःश्री रुक्मिणीबाई यांचे स्मरण या दृष्टीने प्रत्येक गृहस्थाने करण्याजोगे आहे.

रुक्मिणीबाईंना संस्कृताचे शिक्षण नव्हते. प्रथम कोकणातील गागोदे गावी व पुढे बडोद्यास त्यांनी प्रपंच केला. हाताने काम आणि मुखाने भजन चाले. मन इतके रंगून जाई की स्वयंपाकात मीठ कधी दोनदा पडे.

एकदा त्यांनी देवाला लक्ष तांदूळ वाहण्याचा नेम धरला. त्या एकेक दाणा मोजून वाहत. पती नरहरराव शास्त्रीय वृत्तीचे होते. एका तोळ्यात किती दाणे भरतात ते पाहून त्या हिशेबाने तांदूळ तोलून घ्यावेत, असे त्यांनी सुचविले. हिशेबात चूक नव्हती. रुक्मिणीबाईंना उत्तर सुचेना. त्यांनी मुलाला विचारले. एकेक दाण्याबरोबर ईश्वराचे स्मरण घडते, म्हणून मोजूनच वाहावेत, असे मुलाने सांगितले व मातेचे समाधान झाले. नवव्या अध्यायात भगवंत पत्र-पुष्पाचाही स्वीकार करतात, तो त्यामागील भक्तीसाठी. हेच तत्त्व येथे दिसते.

शेजारची गृहिणी आजारी पडली की रुक्मिणीबाई तिच्या घरी जाऊन स्वयंपाक करीत; मात्र आधी स्वतःच्या घरचा उरकून जात. हा स्वार्थ नव्हे काय, असे मुलाने एकदा विचारले. त्यांनी उत्तर दिले की शेजाऱ्यांचे अन्न आधी शिजविले तर जेवणाच्या वेळेपर्यंत ते निवून जाईल. मुलाचे लक्ष आपल्या त्यागाकडे होते, मातेचे लक्ष जेवणाऱ्याकडे होते. निष्काम कर्माचा अर्थ याहून सोपा करून सांगणे कठीण आहे. आपण निःस्वार्थ दिसावे ही इच्छाही एक फलाशाच होय.

अशा या मातेला गीता वाचावी असे वाटे, पण मूळ श्लोक कळत नसत. मुलाने मराठी भाषांतर आणून दिले. तेही कठीण वाटले. तेव्हा, तूच सोपी गीता का लिहीत नाहीस, असे त्या म्हणाल्या. पुढे १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांचा देहान्त झाला आणि ती इच्छा अपुरी राहिली. विनोबांनी मातेच्या मृत्यूच्या दिवशीच वेदाध्ययनास आरंभ केला. बारा वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांनी गीतेचा समश्लोकी अनुवाद लिहावयास घेतला व ६ फेब्रुवारी १९३१ रोजी तो पूर्ण केला. त्याला नाव दिले ‘गीताई’. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. अशा रीतीने एका गृहिणीची मागणी असंख्य घरांच्या उपयोगी पडली. मात्र जिने ती केली, तिला तो ग्रंथ कधी हाती घेता आला नाही.

गुरूचे स्मरण कसे करावे, याचे उत्तर येथे आहे. शोक स्वाभाविक आहे, परंतु तेवढ्यावर थांबू नये. ज्यांच्या मातापित्यांनी अथवा गुरूंनी देह ठेवला आहे, त्यांनी एकदा शांतपणे बसून आठवावे, की त्यांनी आपल्याजवळ काय मागितले होते आणि ते द्यावयाचे राहिले काय. राहिले असेल तर ते कर्म आजही करता येते. ते ईश्वरार्पणबुद्धीने आणि प्रसन्न मनाने करावे. आणि ज्यांचे गुरुजन हयात आहेत, त्यांनी बारा वर्षे थांबू नये.