रिकाम्या फोल्डरची नोंद

शासकीय कार्यालयाशी ज्यांचा थोडाबहुत संबंध आला आहे, त्यांस 'निरंक' हा शब्द नवा नाही. महिनाभरात गावात एकही जन्म वा मृत्यू झाला नाही, तरी त्या महिन्याच्या तक्त्यातील रकाना कोरा ठेवून चालत नाही. तेथे 'निरंक' असे लिहून खाली सही करावी लागते. कोरा रकाना पाहून वरिष्ठ कार्यालयास दोन तर्क करता येतात. एक, घडण्यासारखे काही घडलेच नाही. दुसरा, माहिती पाठविण्याचे राहून गेले. 'निरंक' या एका शब्दाने दुसरा तर्क निकालात निघतो. काही नसल्याचीही नोंद ठेवावी लागते, हे आपल्या दप्तरी व्यवहाराने फार पूर्वीच ओळखले आहे. संगणकाच्या क्षेत्रात मात्र आज जगभर वापरात असलेल्या एका प्रणालीत ही नोंद आपण होऊन होत नाही. त्यापायी खेड्यातील शिक्षकांना हकनाक हेलपाटे कसे पडतात, हे आम्ही जवळून पाहिले. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर असून संगणकशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तथापि त्या प्रसंगानंतर जाणकारांकडून जे समजून घेतले आणि स्वतः करून पाहिले, ते शिक्षक व कार्यालयीन सेवक यांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडीत आहोत.

प्रथम ही प्रणाली कशासाठी असते ते पाहू. एखाद्या परिपत्रकाचा मसुदा तयार होतो, साहेब त्यावर लाल शाईने दुरुस्त्या करतात, सुधारित मसुदा टंकलिखित होतो, पुन्हा दुरुस्ती होते. संगणकावर हेच काम करताना 'मसुदा', 'मसुदा-सुधारित', 'मसुदा-अंतिम' आणि त्यानंतर 'मसुदा-अंतिम-दोन' अशा फाइली साचत जातात व नेमकी कोणती खरी, हे चार दिवसांनी कोणासच सांगता येत नाही. संगणकाचे कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांपुढे हीच अडचण हजारो फाइलींच्या प्रमाणात उभी राहते. कोणी, केव्हा, कोणत्या ओळीत, कोणत्या कारणास्तव बदल केला याचा सलग इतिहास ठेवणारी व जुनी कोणतीही अवस्था हवी तेव्हा परत काढून देणारी जी व्यवस्था, तिला आवृत्ती-नियंत्रण प्रणाली असे म्हणतात.

अशा प्रणाली अनेक झाल्या. सीव्हीएस ही १९८६ च्या सुमारास सुरू झालेली प्रणाली बराच काळ चालली. तिच्यातील उणिवा दूर करण्याच्या हेतूने २००० मध्ये सबव्हर्जनचे काम सुरू झाले आणि २००४ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. आज सर्वत्र दिसते ती 'गिट'. तिचा जन्म निकडीतून झाला. लिनक्स या संचालन प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स व त्यांचे सहकारी २००२ पासून बिटकीपर नावाची प्रणाली वापरीत असत. २००५ मध्ये तिचा विनामूल्य वापर बंद झाला, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी एप्रिल महिन्यात अवघ्या काही दिवसांत गिटचा पाया घातला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्यांनी तिची देखभाल जुनिओ हामानो यांजकडे सोपविली.

गिट आपले दप्तर कसे लावते, हे कळल्यावाचून रिकाम्या फोल्डरचे कोडे उलगडत नाही, म्हणून येथे थोडे थांबणे अगत्याचे आहे. गिटच्या कोठारात मुख्यतः तीन प्रकारचे ऐवज असतात. फाइलीतील मजकूर हा पहिला ऐवज. त्याला 'ब्लॉब' म्हणतात. कोणत्या फोल्डरात कोणत्या नावाखाली कोणता मजकूर आहे याची यादी हा दुसरा. त्याचे नाव 'ट्री'. आणि अमुक व्यक्तीने अमुक वेळी अमुक शेऱ्यासह केलेली नोंद हा तिसरा ऐवज, म्हणजे 'कमिट'. प्रत्येक ऐवजास त्यातील मजकुरावरूनच गणिताने काढलेला एक क्रमांक मिळतो. प्रचलित पद्धतीत तो ४० अक्षरांचा असतो. मजकुरात एका काना-मात्रेचा फरक पडला तरी क्रमांक बदलतो.

परंतु कोठारात जाण्यापूर्वी प्रत्येक फाइलीस एका टेबलावरून जावे लागते. त्या टेबलावर जी नोंदवही असते तिला 'इंडेक्स' असे नाव आहे. आपल्याकडील आवक-जावक बारनिशीची येथे आठवण व्हावी. बारनिशीत कागदाची नोंद होते : कोठून आला, विषय काय, क्रमांक किती. तो कागद ज्या कपाटात, ज्या खणात जाईल त्या खणाची वेगळी नोंद बारनिशीत कोणी करीत नाही. गिटच्या इंडेक्समध्येही केवळ फाइलींचीच नोंद होते. 'अर्ज या फोल्डरातील नमुना ही फाइल' अशी ओळ तेथे येते, आणि तिच्यावरून 'अर्ज' नावाचे फोल्डर आहे हे गिटला अप्रत्यक्षपणे कळते. फाइल काढून घेतली की ओळ गेली, व ओळ गेली की फोल्डरही गिटच्या लेखी उरले नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. एखादा रुमाल नुसताच घडी घालून फडताळात ठेवला, तर कागदांच्या यादीत त्याचा उल्लेख कसा यावा? तसेच हे आहे.

मौज अशी की, रिकामी यादी म्हणजे काय, हे गिटच्या कोठारास अज्ञात नाही. काहीच नसलेल्या 'ट्री'लाही तिचा ठरावीक क्रमांक आहे, आणि तो जगातील प्रत्येक गिट-कोठारात एकच येतो. म्हणजे कोठारात शून्याला जागा आहे. अडते ते दारातील नोंदवहीपाशी. गिटच्या कर्त्यांनीही ही मर्यादा मोकळेपणाने मान्य केली आहे. इंडेक्सची रचना बदलण्याचे काम अंगावर घेण्याइतकी निकड कोणा समर्थ माणसास आजवर वाटलेली नाही, एवढेच. आमच्या मते यात अधिक आक्षेपार्ह गोष्ट निराळीच आहे. रिकामे फोल्डर नोंदवा अशी आज्ञा गिटला दिली, तर ती नकार देत नाही, तक्रारही करीत नाही, गप्प राहते. 'गिट स्टेटस' ही आज्ञा दिली तरी त्या फोल्डराचा उल्लेख येत नाही. नोंद झाली असे समजून माणूस निर्धास्त होतो.

आता तो प्रसंग. एका तालुक्याच्या ठिकाणी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर स्वीकारण्याची सोय करण्यात आली होती. शाळांचे शिक्षक विद्यार्थ्यांचे दाखले घेऊन येत, केंद्रावर त्यांची स्कॅन केलेली प्रत चढविली जाई आणि पडद्यावर पोच उमटे. हा कार्यक्रम 'कागदपत्रे' नावाच्या फोल्डरात प्रती ठेवीत असे, व काही बिघाड झाल्यास त्याची टीप 'लॉग' नावाच्या दुसऱ्या फोल्डरात लिहीत असे. पहिल्या संगणकावर हा कार्यक्रम पेन-ड्राइव्हमधून उतरविलेला होता. साध्या नकलेत रिकामी फोल्डरेही जशीच्या तशी येतात. त्यामुळे कित्येक आठवडे सर्व सुरळीत चालले. पुढे तो संगणक नादुरुस्त झाला. नव्या संगणकावर कार्यक्रम आणताना, पद्धत म्हणून योग्यच, गिटच्या कोठारातून 'क्लोन' करून घेण्यात आला. कार्यक्रम लिहिणाऱ्याकडे ही दोन्ही फोल्डरे रिकामी होती. अर्थात ती कोठारात कधी गेलीच नव्हती, आणि म्हणून नव्या संगणकावर आलीही नाहीत.

दोन दिवस अर्ज येत राहिले. प्रत ठेवावयास जागा नव्हती. जागा नसल्याची टीप लिहावयासही जागा नव्हती. पडद्यावर पोच मात्र उमटत राहिली, कारण प्रत खरोखर ठेवली गेली की नाही हे न पाहताच पोच देण्याची चूक कार्यक्रमात मुळापासून होती. प्रस्तुत लेखकाने दुसऱ्या दिवशी सायंकाळी, सर्व अर्ज विनाविलंब स्वीकारले जात असल्याचे प्रसिद्धीपत्रक काढले. तिसऱ्या दिवशी छाननीस बसलेल्या लिपिकास नावे दिसली, दाखले दिसेनात. त्या दोन दिवसांत आलेल्या प्रत्येक शिक्षकास पुन्हा बोलवावे लागले. त्यांतील एका गुरुजींची शाळा मुख्य रस्त्यापासून आत होती. दोन गाड्या बदलून ते आले, कागद पुन्हा दिले, आणि या वेळी पोच नको, कागद नजरेने दाखवा, एवढेच म्हणाले. मुदत संपावयास चार दिवस होते म्हणून निभावले. शुद्धिपत्रक आम्हांसच लिहावे लागले, हे निराळे सांगावयास नको.

यावर उपाय कोणते? सर्वांत रूढ असा उपाय म्हणजे फोल्डरात एक नावापुरती फाइल ठेवणे. आत काहीही लिहिलेले नसले तरी ती फाइल असल्याने तिची नोंद होते, आणि तिच्या आधाराने फोल्डर टिकते. 'निरंक' म्हणतात तो हाच. या फाइलीस बहुधा '.गिटकीप' असे नाव देतात. ते रोमन लिपीत, आरंभी टिंब देऊन लिहावयाचे असते. टिंबाने आरंभ होणाऱ्या फाइली लिनक्ससारख्या प्रणालींत सहसा नजरेआड राहतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे नाव गिटने ठरवून दिलेले नाही. गिटच्या नियमांत त्याला कोणताही विशेष अर्थ नाही. दुसरे कोणतेही नाव चालते. रेल्स या प्रसिद्ध साधनसंचात पूर्वी हेच नाव वापरीत. २०१३ मध्ये निघालेल्या चौथ्या आवृत्तीपासून नुसते '.कीप' असे नाव आले. रिकाम्या फाइलीऐवजी 'हे फोल्डर अमुक कामासाठी आहे, रिकामे दिसले तरी काढू नये' अशा दोन ओळींची 'रीडमी' फाइल ठेवणे आम्हांस अधिक पसंत आहे. पुढे येणाऱ्या माणसास त्यातून कारणही कळते.

मात्र शिष्यवृत्तीच्या दाखल्यांसारख्या कामास एवढे पुरत नाही. तेथे फोल्डर टिकले पाहिजे आणि आत येणारे कागद गिटच्या इतिहासात जाता कामा नयेत, अशी दुहेरी गरज असते. विद्यार्थ्याचा जातीचा वा उत्पन्नाचा दाखला एकदा इतिहासात गेला, की पुढील नोंदीत तो काढून टाकला तरी मागच्या नोंदींत राहतोच आणि जो कोणी कोठाराची प्रत घेईल त्याच्या हाती जातो. यासाठी फोल्डरात '.गिटइग्नोर' नावाची फाइल ठेवतात. या नावास मात्र गिटच्या नियमांत निश्चित अर्थ आहे. तीत दोनच ओळी लिहावयाच्या. पहिल्या ओळीत केवळ तारांकनाचे चिन्ह, म्हणजे येथील सर्व काही वगळावे. दुसऱ्या ओळीत उद्गारचिन्ह व त्यास जोडून याच फाइलीचे नाव, म्हणजे ही एक मात्र वगळू नये. ओळींचा क्रम उलटा झाला तर सर्वच वगळले जाते. फाइल स्वतः नोंदली गेल्याने फोल्डर टिकते, आतील कागद बाहेर राहतात.

तरीही मूळ दोष कार्यक्रमाच्या लिखाणात होता, असेच म्हणावे लागेल. ज्या कार्यक्रमास फोल्डर हवे, त्याने काम सुरू करताच ते आहे की नाही ते पाहावे आणि नसल्यास स्वतः तयार करावे. बहुतेक सर्व संगणकीय भाषांत यास एखादी ओळ पुरते. तयार करता आले नाही तर काम थांबवून पडद्यावर स्पष्ट सांगावे. खुणेच्या फाइलीवर सर्व भिस्त ठेवल्यास दुसरा घोळ होतो, तोही त्याच केंद्रावर पाहावयास मिळाला. दुरुस्तीनंतर 'कागदपत्रे' फोल्डरात खुणेची फाइल आली, आणि फोल्डरातील फाइली मोजून अहवाल देणाऱ्या कोष्टकात रोज एक दाखला अधिक दिसू लागला! त्या अधिकच्या दाखल्याचा विद्यार्थी शोधण्यात एका लिपिकाची सकाळ गेली.

सबव्हर्जनमध्ये ही अडचण नाही, कारण तेथे फाइलीप्रमाणे फोल्डराचीही स्वतंत्र नोंद होते. मर्क्युरिअल ही गिटच्याच वर्षी जन्मलेली प्रणाली मात्र गिटप्रमाणेच केवळ फाइली ओळखते. एका प्रणालीतून दुसरीत काम हलविणाऱ्यांनी म्हणून रिकामी फोल्डरे आधीच शोधून ठेवावीत. लिनक्सवर 'फाइंड' या आज्ञेस फोल्डर व रिकामे अशा दोन अटी दिल्या की यादी मिळते. तीत गिटच्या स्वतःच्या गुप्त फोल्डरातील नावे आली तर ती सोडून द्यावीत.

आणखी एक सावधगिरी. 'गिट क्लीन' ही नोंद नसलेल्या गोष्टी झाडून टाकणारी आज्ञा आहे. तिला फोल्डरांचीही मुभा दिली तर नोंद नसलेली रिकामी फोल्डरे ती काढते, आणि 'एक्स' हे अक्षर जोडले तर वगळलेल्या फाइलीही, म्हणजे आपले दाखले, पुसून टाकते. अशा वगळलेल्या फाइली गिटच्या इतिहासात नसल्याने तेथून परत मिळत नाहीत. म्हणून स्वीकारलेले कागद कार्यक्रमाच्या फोल्डराबाहेर, वेगळ्या ठिकाणी ठेवावे व त्यांची रोजची प्रत निराळी घ्यावी.

सदर केंद्रावर आता नव्या संगणकावर कार्यक्रम आणला की लोकांस बोलावण्यापूर्वी एक कोरा कागद स्कॅन करून चढवितात, तो फोल्डरात पोहोचल्याचे उघडून पाहतात आणि मग पुसतात. दाराशी लावलेल्या सूचनेतही बदल झाला आहे. चढविलेला दाखला उघडून दाखविल्यावरच पोच दिली जाईल, असे तीत लिहिले आहे.