सुरुवात 'सिद्धार्थ'पासून नको

अगं चिऊ, जर्मनच्या क्लासात बाईंनी हेर्मान हेसेचं नाव काढलं आणि तू लगेच त्याची 'सिद्धार्थ' कादंबरी मागवायला निघालीस म्हणे. थांब जरा. ब्राह्मणाचा मुलगा, गौतम बुद्ध, नदी, नावाडी... सगळं इतकं ओळखीचं की आपण माना डोलावत वाचतो आणि पुस्तक कुठेही न टोचता संपून जातं. आणि गंमत बघ, 1922 साली 'सिद्धार्थ' छापून आली तेव्हा हेसेने भारत पाहिलेलाच नव्हता. 1911 मध्ये तो श्रीलंका-सुमात्रापर्यंत आला नि माघारी गेला. त्याचा भारत घरातला. आजोबा हेर्मान गुंडर्ट यांनी मल्याळमचं व्याकरण लिहिलं, शब्दकोश केला. आईचा जन्म तर केरळातल्या तलश्शेरीचा.

तू आधी 1906ची 'उंटर्म राड' घे. इंग्रजीत ती 'बिनीथ द व्हील' म्हणून मिळेल. हान्स नावाचा हुशार मुलगा. वडील, मास्तर, पाद्री, सगळ्यांनी मिळून त्याला परीक्षेला जुंपलेलं. आपल्याकडे दहावीच्या मुलाला जुंपतात ना, अगदी तसंच. तो दुसरा येतो, आणि तिथूनच त्याचं बिनसायला लागतं. शेवटी कारखान्यात उमेदवारी. पहिल्याच दिवशी समोर ओतीव लोखंडाचं दातेरी चाक, हातात कानस. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी जॉब घासून घासून तुझ्या तळहाताला फोड आले होते, आठवतंय? हेसेचं हे ऐकीव नव्हतं. 1892 मध्ये तो मौलब्रोनच्या पाठशाळेतून पळाला आणि पुढे काल्वमध्ये मनोऱ्यावरच्या घड्याळांच्या कारखान्यात वर्षभराहून जास्त काळ राबला. आपल्या चिंचवड-चाकणच्या माणसाला हेसेत शिरायला याहून चांगली वाट नाही, असं माझं ठाम मत आहे. आत्मशोध वगैरे नंतर. शेवट सांगत नाही, पण परीक्षेच्या तोंडावर वाचू नकोस एवढं ऐक.

मग 'डेमियान'. ती 1919 मध्ये त्याने एमिल सिंक्लेअर या टोपणनावाने काढली होती. तुझ्या वयात ती झपाटते. झपाटू दे. 'नार्सिस आणि गोल्डमुंड' लोकांना फार आवडते. मला मधली भटकंती जरा लांबलेली वाटली. 'काचमण्यांचा खेळ' घाईने उघडूच नकोस. आणि जर्मनची बी-वन पातळी झाली म्हणून सगळं मूळ जर्मनमधूनच वाचायचा हट्ट नको. आधी इंग्रजीत, मग आवडलेलं पान जर्मनमध्ये.

मधेच मराठीत ये. नेमाड्यांची 'कोसला' कॉलेजात अर्धी टाकलीस ना? आता हान्सनंतर घे, पांडुरंग सांगवीकर वेगळाच दिसेल. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' छोटी आहे. बोटीवरची हेर्टा जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी. 1939 सालची कादंबरी, पण अजून शिळी नाही.

सगळी माझ्या कपाटात आहेत, रविवारी येऊन ने. 'स्टेपनवुल्फ' मात्र मागू नकोस. पन्नाशीला टेकलेल्या माणसाचं ते दुखणं आहे, आणि तरुण पोरं ते भलतंच वाचतात अशी तक्रार खुद्द हेसेनेच केली होती. लग्न-नोकरीच्या विचारांतून तुझं डोकं ठिकाणावर आलं की बघू.