जाहिरात-लेखनाचा पहिला धडा : दवंडी

आजच्या युगाला जाहिरातयुग म्हणतात. वर्तमानपत्र उघडले की जाहिरात, बसथांब्याच्या भिंतीवर जाहिरात आणि हातातल्या मोबाईलवर तर क्षणोक्षणी जाहिरात. तिच्यातील शब्द कोणीतरी बसून लिहिलेले असतात. त्या लिहिणाऱ्यास जाहिरात-लेखक किंवा कॉपीरायटर म्हणतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याला मास्तरकी आणि स्पर्धा परीक्षा यांपलीकडे वाट नाही असा आपल्याकडे समज आहे. म्हणून या व्यवसायाकडे विद्यार्थी मित्रमैत्रिणींचे लक्ष वेधावे आणि नवशिक्याने आपले लेखन कसे सुधारावे याचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा व्यवसाय आपल्याकडे नवा नाही. मुंबईत गिरगावात १९०५ साली बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरातसंस्था सुरू झाली. नोव्हेंबर १९६७ मध्ये विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या प्रथम मुंबई, पुणे आणि आपल्या नागपूर केंद्रांवरून. १९७६ पासून दूरदर्शनवरही जाहिराती आल्या. परंतु या सर्वांहून जुनी जाहिरात आपल्या खेड्यांतली आहे. ती म्हणजे दवंडी.

कोतवाल डफ वाजवीत येई आणि चौकात उभा राहून ओरडे. ऐकणारे कोण? विहिरीवर पाणी काढणारी बाई, बैल सोडणारा शेतकरी, ओसरीवर बसलेले म्हातारे. कोणीही हातातले काम टाकून दवंडी ऐकत नसे. म्हणून कोतवाल काय आहे, कोठे आहे, केव्हा आहे आणि आपण काय करावयाचे, एवढेच सांगे. त्यात एक शब्द अधिक नसे. आजच्या जाहिरातीचा वाचकही तसाच आहे. तो बातमी वाचावयास बसलेला असतो, जाहिरात वाचावयास नव्हे. हे ध्यानात ठेवले की पुढील गोष्टी आपोआप कळू लागतात.

पहिली गोष्ट, लिहिण्यापूर्वी विचारावे. समजा, एका महिला बचत गटाला चिन्नोर तांदूळ विकावयाचा आहे आणि जाहिरात आपण लिहावयाची आहे. नवशिका लगेच लिहितो : “सर्वोत्कृष्ट, दर्जेदार, अस्सल व चविष्ट चिन्नोर तांदूळ योग्य दरात मिळेल. एकदा अवश्य भेट द्या.” यात चार विशेषणे आहेत, पण माहिती एकही नाही. ‘तांदूळ’ काढून तेथे ‘मिठाई’ घातली तरी वाक्य चालेल. जे वाक्य कोणत्याही मालाला चालते ते आपल्या मालाच्या कामाचे नसते.

आता त्या बायकांना प्रश्न विचारावेत. तांदूळ नवा की जुना? आपल्या धानाच्या मुलखात गिऱ्हाईक प्रथम हेच विचारते. कारण नव्या तांदळाचा भात चिकट होतो आणि जुन्याचा मोकळा होतो. कांडण कोठे केले? थैली किती किलोची? इतर धानापेक्षा भाव जास्त का? चिन्नोर उशिरा निघतो आणि एकरी उत्पन्न कमी देतो, हे उत्तर मिळते. मग लिहावे : “चिन्नोर. एक वर्ष जुना. भात मोकळा, वास चिन्नोरचा. पाच किलोची थैली, आठवडी बाजारात, बचत गटाच्या दुकानी.” येथे विशेषण जवळजवळ नाही, परंतु स्वयंपाक करणाऱ्या बाईला हवे ते सर्व आहे. अर्थात तांदूळ खरोखरच वर्षाचा जुना असेल तरच हे लिहावे.

दुसरी गोष्ट, लिहिलेले मोठ्याने वाचावे. रेडिओवर दहा सेकंदांची जाहिरात असते. सावकाश वाचले तर तेवढ्यात वीस-बावीस शब्द बसतात. घड्याळ समोर ठेवून वाचले म्हणजे कोणता शब्द जिभेला अडतो आणि कोणता उगाच आला आहे ते कळते. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी मंडई भरते, तेव्हा नाटकाचा प्रचार करणारी गाडी भोंगा लावून फिरते. तो सांगणारा कोठे थांबतो, नटाचे नाव किती वेळा घेतो आणि तिकिटाचा दर कधी सांगतो, हे वहीत टिपून ठेवावे. अभ्यासाचे हे उत्तम साधन आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. कित्येक मराठी जाहिराती इंग्रजी किंवा हिंदीवरून उतरविलेल्या असतात. शब्द मराठी असतात, पण तसे कोणी बोलत नाही. आपले नाकाडोंगरी तर मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ. या भागात मराठी, हिंदी आणि पोवारी कानावर पडतात. याची लाज वाटण्याचे कारण नाही. जाहिरात-लेखकाला हे भांडवलच आहे. इतिहासाचे विद्यार्थी असलेले पीयूष पांडे १९८२ मध्ये ओगिल्वी या जाहिरातसंस्थेत गेले आणि घरातल्या, रस्त्यावरच्या हिंदीत लिहून त्यांनी फेविकॉलसारख्या मालाच्या जाहिराती देशभर पोचविल्या. २०२५ मध्ये ते निवर्तले. कला शाखेचे शिक्षण या कामी वाया जात नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे खरेपणा. ‘हम दो, हमारे दो’ हे चार शब्द ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही कळत. जाहिरात म्हणून ते उत्तमच होते. परंतु १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात नसबंदीची सक्ती झाली आणि लोकांच्या मनात त्या कार्यक्रमाची भीती बसली. शेवटी १९७७ मध्ये ‘परिवार नियोजन’ हे नाव बदलून ‘परिवार कल्याण’ करावे लागले. मागची कृती वाईट असली तर चांगले शब्द तिला वाचवू शकत नाहीत.

कायद्यानेही बंधने घातली आहेत. १९५४ च्या कायद्याने मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीस दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. पण कायद्यापेक्षा मला एक वेगळे कारण मोठे वाटते. माझ्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. घरी कोणताही छापील कागद आला की तो मी वाचून दाखवते आणि मग आई विचारते, “हे खरं आहे का वं?” बियाणे असो, औषध असो की नोकरी लावून देणारा वर्ग असो, आमच्यासारख्या घरांत छापले आहे म्हणजे खरे असेल असे अजून मानतात. त्या विश्वासावर कोणी खोटे लिहिले तर एका हंगामाचे पैसे जातात. लिहिणाऱ्याला ते घर दिसत नाही. आपल्याला ते दिसते. म्हणून आपल्यासारख्या मुलामुलींनी या व्यवसायात जावे असे मला वाटते.

नवशिक्याने रोज एक वस्तू घ्यावी. आज भंडाऱ्याचे पितळी गुंड, उद्या आंधळगावचे कोशाचे कापड, परवा शेजारची पिठाची गिरणी. प्रत्येकीसाठी दहा मथळे लिहावेत. पहिले तीन-चार बहुधा कोठेतरी वाचलेलेच निघतात, ते खोडावेत. उरलेल्यांपैकी एक निवडून घरातल्या किंवा गल्लीतल्या, शाळेत न गेलेल्या माणसाला ऐकवावा आणि “काय समजलं?” असे विचारावे. त्याने नेमके सांगितले तर मथळा ठेवावा, नाहीतर पुन्हा लिहावयास बसावे.