नदीच्या वतीने कोण बोलणार?

न्यायालयात दाद कोण मागू शकतो? ‘माणूस’, असे तुम्ही चटकन सांगाल. पण हे उत्तर अपुरे आहे. एखादी कंपनी, नगरपालिका, इतकेच काय, देवळात प्रतिष्ठापना केलेली मूर्तीसुद्धा आपल्याकडे कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ असते. मूर्ती बोलत नाही. तिच्या वतीने वहिवाटदार बोलतो. मग नदीला हा दर्जा का मिळू नये?

न्यूझीलंडमध्ये तो मिळाला आहे. तेथील वांगानुई नदी सुमारे २९० किलोमीटर लांब आहे. काठावरचे माओरी लोक तिला आपली पूर्वज मानतात. १९७० नंतरच्या दशकात तिच्या उगमाकडचे बरेचसे पाणी टोंगारिरो जलविद्युत योजनेकडे वळवण्यात आले. उंचावरच्या पाण्यात स्थितिज ऊर्जा असते. ते खाली येताना झोतयंत्रे फिरतात आणि वीज मिळते. विजेचा हिशेब मीटर ठेवतो. पण खालचा प्रवाह रोडावला, त्याचा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडायचा? नदी कोणीच नसेल, तर तिचे नुकसानही कोणाचेच नसते!

माओरींच्या दीर्घ लढ्यानंतर मार्च २०१७ मध्ये तेथील संसदेने कायदा केला. डोंगरापासून समुद्रापर्यंतची अखंड नदी ही एक व्यक्ती ठरली. तिच्या वतीने बोलण्यासाठी दोन पालक असतात: एक माओरींनी सुचवलेला, एक सरकारने. तिच्या स्वास्थ्यासाठी ३ कोटी डॉलरचा निधीही ठेवला गेला. मात्र पूर्वीचे पाणीवापराचे परवाने या कायद्याने रद्द झाले नाहीत. म्हणजे कायद्याने नदीला आवाज दिला. वळवलेले पाणी लगेच परत दिले नाही.

त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा व यमुना यांना व्यक्ती ठरवले. पण राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात शंका काढली: उद्या पुराने घरे वाहून गेली, तर भरपाई नदीच्या पालकांनी द्यायची काय? शिवाय या नद्या अनेक राज्यांतून वाहतात. जुलै २०१७ मध्ये त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. हक्कांबरोबर जबाबदारीही येते, ती अशी!

समजा, तुमच्या गावच्या ओढ्याचे पालक म्हणून तुम्हालाच नेमले. न्यायाधीश विचारतील, ‘पुरावा काय?’ ओढा कोणत्या महिन्यात आटतो? पाण्याची पातळी किती? रंग, वास, तापमान कधी बदलले? पालकाला नुसती माया पुरत नाही, नोंदी लागतात. त्यासाठी एक वही, एक मोजपट्टी आणि एक तापमापक पुरे. सुरुवात येत्या रविवारी करता येईल.