देवमासा हा मासा नव्हे

परांडे तालुक्यातील सोनारीच्या मुलांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नसतो. मग डॉल्फिनचा पाठ त्यांस कसा शिकवावा? आरंभ भैरवनाथाच्या देवळापासून करावा. तेथील माकडीण पिलास पोटाशी धरून पाजते, हे प्रत्येक मुलास ठाऊक असते. दापोली-मालवणच्या किनाऱ्यालगत दिसणाऱ्या डॉल्फिनची मादीही पिलास दूधच पाजते. त्यास कल्ले नाहीत, फुप्फुसे आहेत. म्हणून श्वासासाठी पाण्यावर यावे लागते. त्याच्या मोठ्या भाईबंदांस 'देवमासा' म्हणून आपल्या भाषेने थोडा घोटाळाच करून ठेवला आहे.

नंतर माकडाच्या हाताची आकृती फळ्यावर काढावी. दंडात एक हाड, पुढे दोन, मग मनगट व बोटे. डॉल्फिनच्या वल्ह्यासारख्या अवयवातही हीच हाडे याच क्रमाने असतात. ती आखूड होऊन कातडीखाली झाकली गेली, इतकेच. मासा शेपटी डावीउजवीकडे हलवितो, डॉल्फिन वरखाली. भरधाव धावणाऱ्या कुत्र्याची पाठ कशी वाकते, हे मुलांनाच पाहावयास सांगावे.

जम्मूतील कालाकोट भागातून भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमविलेल्या खडकांत मांजराएवढ्या एका खुरी प्राण्याची हाडे होती. १९७१ साली त्यास 'इंडोहायस' हे नाव मिळाले. रंगा राव यांच्या पश्चात उरलेले खडक हान्स थेविसेन यांच्या हाती आले. २००७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, त्याच्या कानाच्या हाडाची एक भिंत देवमाशांच्या कुळाप्रमाणेच जाड आहे. पायांची हाडे जड, म्हणजे उथळ पाण्यात वावरण्यास सोयीची. काळ सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. सोनारीत विहीर खणताना लागणारा काळा पाषाण याहून जुना, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा आहे! तो लाव्हारूपाने वाहत होता तेव्हा पृथ्वीवर एकही देवमासा नव्हता.

'पोहता यावे म्हणून त्याने पायांची वल्ही केली,' असे वाक्य वर्गात सहज तोंडून जाते. ते कटाक्षाने टाळावे. कोणत्याही प्राण्याने तसे ठरविले नाही. एकाच आईची पिले सर्वस्वी सारखी नसतात. ज्यांची ठेवण पाण्यात अधिक उपयोगी पडली, त्यांची संतती अधिक उरली, आणि असे असंख्य पिढ्या चालले. मागचे पाय तर बाहेरून दिसेनासेच झाले. त्यांच्या जागी डॉल्फिनच्या शरीरात कमरेची दोन लहान हाडे तेवढी आहेत, आणि तीही पाठीच्या कण्यास जोडलेली नाहीत.

तोंडी परीक्षेत कोणी 'डॉल्फिन मासा आहे' म्हटल्यास लगेच गुण कापू नयेत. कशावरून, ते विचारावे. 'आकारावरून' असे उत्तर आल्यास, पाण्यात वेगाने पोहणाऱ्यांचे आकार सारखे का होतात, हा पुढचा प्रश्न त्यालाच घालावा.